खानापूर ते निपाणी, एका सावलीने

भौतिकशास्त्र विभागाचं दार गावासाठी उघडतं ते बहुतेक 28 फेब्रुवारीला. 1928 साली त्या दिवशी रामन परिणामाचा शोध जाहीर झाला, म्हणून तो राष्ट्रीय विज्ञान दिन. पाहुण्यांचं व्याख्यान होतं, मुलांची पोस्टर्स लागतात, प्रयोगशाळा दाखवतात. हे हवंच. पण आपल्या सीमाभागाला निसर्गाने दुसरा एक दिवस दिलाय, आणि त्या दिवशी लोकांनी नुसतं ऐकायचं नाही, मोजायचं आहे.

तो म्हणजे शून्य सावलीचा दिवस. बेळगावचा अक्षांश साधारण 15.85 अंश उत्तर. उत्तरेकडे सरकणारा सूर्य 4 मेच्या आसपास बरोबर आपल्या डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. दिल्लीत हे कधीच घडत नाही, कारण ती कर्कवृत्ताच्या पलीकडे आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य परतताना पुन्हा हा योग येतो, पण तेव्हा आपल्याकडे ढग हटतील तर शपथ! म्हणून मे महिनाच धरायचा. वेळही बाराची नव्हे. घड्याळ चालतं 82.5 अंश रेखांशावर आणि आपण आहोत 74.5 वर. त्यामुळे मेच्या सुरुवातीला आपला खरा मध्यान्ह साडेबाराच्या सुमाराला होतो. वळीव येतो तो सहसा दुपार कलल्यावर, तोवर मोजमाप उरकतं.

आता बेळगावच्या दक्षिणेचं खानापूर आणि उत्तरेचं निपाणी घ्या. दोन्हींच्या अक्षांशात सुमारे 0.76 अंशाचा फरक आहे. खानापुरात सावली शून्य होते त्या दिवशी निपाणीत एक मीटरच्या काठीची सावली उत्तरेला जेमतेम 1.3 सेंटिमीटर पडते. काठी आणि सावली यांच्या लांबीवरून सूर्यकिरणांचा कोन काढला की तोच 0.76 अंश मिळतो. दोन गावांमधलं सरळ दक्षिणोत्तर अंतर सुमारे 84 किलोमीटर. ते नकाशावरून घ्यायचं, एसटीच्या तिकिटावरून नाही. 0.76 अंशाला 84 किलोमीटर, तर 360 अंशांना किती? उत्तर 40 हजार किलोमीटरच्या जवळ येतं. हा पृथ्वीचा परीघ. इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमध्ये बावीसशे वर्षांपूर्वी हीच रीत वापरली होती.

विभागाची खरी गरज लागते ती इथे. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाचा दिसतो. त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीची कड 9 मिलिमीटर धूसर होते, आणि मोजायची आहे सावली 13 मिलिमीटर! काठी उंच केली तर धूसरपणाही त्याच प्रमाणात वाढतो. वाचनात अडीच मिलिमीटर चूक झाली तरी परीघ 34 हजार किंवा 49 हजार निघेल. काठीच्या टोकाला चेंडू बसवला, तर सावली गोल पडते आणि तिचा मध्य नेमका धरता येतो. काठी ओळंब्यात आणि जमीन पाणसळीत हवी. गावातला गवंडी ते पदवीच्या विद्यार्थ्यापेक्षा सफाईने करेल. त्याला बोलवाच. शिवाय गावोगावच्या शाळांची वाचनं एकत्र करून सरासरी काढायची.

मग संध्याकाळी विभागात सगळ्यांची बैठक घ्यावी. आकडे फळ्यावर मांडून मराठीत, कन्नडमध्ये, ज्याला जसं जमेल तसं बोलावं. भटकलेला आकडा पुसू नये. तो का भटकला यावरच सगळ्यांत जास्त वेळ द्यावा. आणि पुढच्या वर्षी सोलापूरच्या एखाद्या शाळेला जोडून घ्यावं. खानापूरपासून तिथे दोन अंशांचा फरक मिळतो, म्हणजे मीटरभर काठीला साडेतीन सेंटिमीटर सावली.