नसलेली प्रॉपर्टी वाचली तरी जावास्क्रिप्ट गप्प का?

ऑब्जेक्टमध्ये (माहितीच्या गठ्ठ्यात) प्रॉपर्टी, म्हणजे नाव दिलेली नोंद, केव्हाही जोडायची मोकळीक जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेत १९९५ पासूनची. डॉट वापरा नाहीतर चौकटी कंस, त्यावर कुणाचं फारसं भांडण नाही. भांडण आहे ते नसलेली प्रॉपर्टी वाचल्यावर एररऐवजी 'अनडिफाइन्ड' (किंमत ठरलेली नाही) हाती येतं, यावर. समजा, खाते या ऑब्जेक्टमध्ये शिल्लक ही प्रॉपर्टी आहे. घाईत खाते.शिलक + ५०० लिहिलं, तर प्रोग्राम थांबत नाही. उत्तर 'नॅन' (संख्या नव्हे) येतं आणि पुढच्या हिशेबात झिरपत राहतं. खाते.शिलक = ५०० लिहिलं तर आणखी पंचाईत: नवी प्रॉपर्टी तयार होते, खरी शिल्लक होती तशीच राहते.

पण हा निव्वळ निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं होईल. सुरुवातीच्या भाषेत एरर पकडायची सोयच नव्हती. ट्राय-कॅच प्रमाण भाषेत आलं १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीत. शिवाय ब्राउझरागणिक सोयी वेगळ्या असायच्या. एखादी सोय आहे का, हे ती प्रॉपर्टी थेट 'इफ'मध्ये वाचून ठरवायचे. नसली तर अट खोटी, पान पुढे चालू.

खरा गुंता अनडिफाइन्डच्या दोन अर्थांचा. प्रॉपर्टी मुळातच नाही, की आहे पण तिच्यात अनडिफाइन्ड ठेवलंय? हे ओळखायला त्याच आवृत्तीत 'इन' आणि 'हॅजओनप्रॉपर्टी' आले. 'इन' प्रोटोटाइपच्या साखळीतही, म्हणजे ऑब्जेक्टला वारशाने मिळालेल्या प्रॉपर्टींतही शोधतो, त्यामुळे रिकाम्या ऑब्जेक्टमध्येही त्याला 'टूस्ट्रिंग' सापडतं. हॅजओनप्रॉपर्टी तर स्वतःच एक प्रॉपर्टी. डेटात त्याच नावाची प्रॉपर्टी आली, की मूळची झाकली जाते. त्यावरचा सरळ उपाय, 'ऑब्जेक्ट.हॅजओन', यायला २०२२ उजाडलं.

२००९ मध्ये नियम कडक करणारा स्ट्रिक्ट मोड आला. गोठवलेल्या (बदल बंद केलेल्या) ऑब्जेक्टवर लिहिलं की त्यात एरर मिळू लागला, वाचनाला मात्र कुणी हात लावला नाही. माझ्या मते लावायला हवा होता: हा मोड तेव्हा मुद्दाम चालू करावा लागायचा, जुन्या पानांना धक्का लागला नसता. २०१५ च्या प्रॉक्सीने (ऑब्जेक्टपुढे बसवायच्या मध्यस्थाने) वाचन अडवता येऊ लागलं, पण ते ज्याचं त्याने करायचं. २०२० चं '?.' तर उलट्या दिशेने गेलं. अनडिफाइन्डवर पुन्हा डॉट दिला की निदान टाइपएरर यायचा, '?.' लिहिलं की तोही येत नाही.

कडक शिस्त आली ती २०२२ च्या '#' ने सुरू होणाऱ्या खासगी फील्डमध्ये. ती क्लासमध्ये (ऑब्जेक्ट बनवायच्या साच्यात) आधी घोषित करावी लागतात, चौकटी कंसाने वाचता येत नाहीत, आणि नाव चुकलं तर कोड चालायच्या आधीच सिंटॅक्स एरर येतो.