कॅमेरा घ्यायला जाताना पिशवीत चादर ठेवा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी माझा भाचा चादरी आणि टॉवेलचे फोटो काढतो. पूर्वी फोटोवर भागायचं, आता व्यापारी व्हिडिओही मागतात. मागच्या दिवाळीआधी त्याने एका चादरीचा व्हिडिओ पाठवला आणि संध्याकाळी फोन आला, "रंग फुटलेला माल दाखवताय का?" व्हिडिओत चादरीवर हिरव्या-जांभळ्या लाटा सरकत होत्या. चादर माझ्या हातात होती, रंग पक्का होता. त्याच कॅमेऱ्याने, त्याच लेन्सने काढलेल्या फोटोत एकही लाट नव्हती. "मामा, फोटोत नाही आणि व्हिडिओत आहे, हे कसं?"

मिररलेस कॅमेरा पारखायचा तर या प्रश्नापासूनच सुरुवात करावी. जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्समागे आरसा असायचा आणि बटण दाबलं की तो वर उचलला जायचा. मिररलेसमध्ये तो नाही. सेन्सरने, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपने, पकडलेलं दृश्यच आपण पडद्यावर पाहतो. २००८ साली आलेल्या पॅनासॉनिकच्या जी१ पासून ही जात रुजली, आणि त्या कॅमेऱ्यात व्हिडिओची सोयच नव्हती! आज दोन्ही कामं एकाच सेन्सरकडे आहेत, पण तो ती एकाच पद्धतीने करत नाही.

२४ मेगापिक्सेलचा सेन्सर म्हणजे आडवे ६००० आणि उभे ४००० पिक्सेल. फोटोला ते सगळे वाचले जातात. व्हिडिओच्या लांबट चौकटीत त्यातले सुमारे दोन कोटी येतात, आणि सेकंदाला २५ चित्रं म्हणजे सेकंदाला ५० कोटी पिक्सेल वाचायचे. हा भार न पेलणारे कॅमेरे मधल्या ओळी गाळतात. चादर अडकते ती इथेच.

मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक धरून पाहा. दोन्ही जाळ्या बारीक, पण त्यांच्यातून रुंद लाटा उमटतात. याला मोआरे म्हणतात, आणि हा शब्दही कापडावरूनच आलाय: पाण्याच्या लाटांसारखी झळक असलेलं रेशीम. विणीचे धागे ही एक जाळी, पिक्सेल ही दुसरी. एक गडद आणि एक फिका धागा मिळून निदान दोन पिक्सेल व्यापत असतील, तरच वीण खरी उमटते. समजा फोटोत ही जोडी चार पिक्सेल व्यापते. वीण स्वच्छ दिसेल. व्हिडिओत तीनातली एकच ओळ वाचली तर जोडीच्या वाट्याला जेमतेम सव्वा ओळ उरते आणि खोट्या लाटा उठतात. त्या रंगीत का? कारण प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा असा एकच रंग पाहतो. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांच्या या रचनेला १९७६ साली पेटंट मिळालं. तिन्ही रंगांच्या जाळ्या वेगवेगळ्या ठिकाणी चुकतात, म्हणून हिरवं-जांभळं दिसतं.

याउलट जो कॅमेरा सगळे ६००० पिक्सेल वाचून मग फोर-के व्हिडिओच्या ३८४० रुंदीवर आणतो, त्यात तीच जोडी अडीच पिक्सेलांवर बसते आणि वीण टिकते. खोक्यावर व्हिडिओचा आकार तेवढा छापलेला असतो, ओळी गाळतो की नाही ते नाही, याचा मला खरोखर राग येतो. मेगापिक्सेलचा आकडा विचारण्याआधी दुकानदाराला विचारा: व्हिडिओला ओळी न गाळता सगळे पिक्सेल वाचतो का?

दुसरी परीक्षा गड्ड्यातली, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतली. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. उंच, सरळ काठी आणि खाली पांढऱ्या बाराबंदीतले भक्त. व्हिडिओ काढताना कॅमेरा झपकन वळवला की काठी तिरकी दिसते, कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. हे वाचन पूर्ण व्हायला सेकंदाचा चाळिसावा भाग लागत असेल आणि काठी एका सेकंदात फोर-केची ३८४० पिक्सेलांची चौकट ओलांडत असेल, तर वरचं टोक आणि पाया यांत ९६ पिक्सेलांचा फरक पडतो. यांत्रिक शटरचा पडदा साधारण सेकंदाच्या अडीचशेव्या भागात सरकतो, म्हणून फोटोत हे जाणवत नाही. मात्र बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोतही काठी झुकते. २०२३ साली जाहीर झालेला सोनीचा ए९ थ्री सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपतो, पण त्याची किंमत लग्नाची कामं करणाऱ्यालाही जड जाते.

कारखान्यातल्या दिव्यांचं थोडक्यात सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० सेकंदावर ठेवलं की चित्रात सरकणारे पट्टे जातात. स्वस्त एलईडी मात्र कधीकधी यालाही दाद देत नाहीत.

आणि ऊन. फोर-के चित्रीकरणात सेन्सर आणि प्रोसेसर सतत राबतात, आणि बहुतेक कॅमेऱ्यांत पंखा नसतो. एसी दुकानात तासभर चाललेला कॅमेरा सोलापूरच्या मे महिन्यात, चाळिशीपार उन्हात, मध्येच बंद पडू शकतो. म्हणून आम्ही दुकानदाराला विनंती करून प्रत्येक कॅमेरा दुपारी दोन वाजता बाहेर फुटपाथवर चालवला. समोर दोरीवर तीच चादर.

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर विश्वास ठेवला नाही. तो स्वतःच खोट्या लाटा दाखवू शकतो. कार्ड घरी आणून मोठ्या मॉनिटरवर पूर्ण आकारात पाहिलं. पहिल्या दोन कॅमेऱ्यांत लाटा होत्या. तिसऱ्यात धागा न् धागा जागेवर होता. भाच्याने चादरीची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि किमतीचं बोलायला पुन्हा दुकानात गेला.