फॉलिक ॲसिड कोणत्या वारी? संधिवातावरच्या व्हिटॅमिनची पार्श्वभूमी

कोल्हापुरात ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, तो आजार) रुग्णाची फाइल उघडली, की चिठ्ठीचा साचा साधारण सारखाच दिसतो. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे आजाराचं मुख्य औषध, दुसऱ्या काही दिवशी फॉलिक ॲसिड हे बी गटातलं व्हिटॅमिन, महिना-दोन महिने व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची पुडी, आणि घरच्यांनी धोशा लावला म्हणून बी-कॉम्प्लेक्स. हुपरीत पैंजणांना घुंगरू जोडणारी बाई असो, की पहाटे धार काढताना बोटं मिटत नाहीत म्हणून आलेला करवीर तालुक्यातला शेतकरी, मेथोट्रेक्सेट सोडून बाकीचं सगळं त्यांच्या लेखी ताकदीचं औषध. ही व्हिटॅमिनं चिठ्ठीवर वेगवेगळ्या वाटांनी आली आणि त्यांचा वकूबही सारखा नाही. त्यातली फॉलिक ॲसिडची वाट सगळ्यात वाकडी आहे.

फार जुना भाग थोडक्यात उरकता येतो, कारण त्यातलं आज फारसं काही उरलेलं नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरच्या रुग्णालयात वाताच्या रुग्णांना कॉड माशाच्या यकृताचं तेल पाजत; तेव्हा व्हिटॅमिन ही कल्पनाच जन्मली नव्हती. १९३० च्या दशकात, स्कर्व्हीतही सांधे दुखतात म्हणून व्हिटॅमिन सीवर संशय गेला. गिनीपिगांवर प्रयोग झाले, रुग्णांच्या रक्तात सी कमी सापडलंही, पण ते देऊन आजार हटला नाही. डीचा प्रयोग जास्त महागात पडला. १९३५ च्या सुमारास अमेरिकेत संधिवातावर रोज दोन ते सहा लाख युनिट डी देण्याची टूम निघाली. त्यासाठी खास कॅप्सूल विकल्या गेल्या. पुढच्या दशकात रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं खराब झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या. १९४८ मध्ये कॉर्टिझोन हे स्टेरॉइड आलं आणि हा बाजार उठला.

फॉलिक ॲसिडची वाट मात्र मुंबईतून जाते. तिथल्या कष्टकरी स्त्रियांना गरोदरपणात होणाऱ्या रक्तक्षयाचा शोध घेणाऱ्या एका ब्रिटिश महिला डॉक्टरने १९३१ मध्ये दाखवून दिलं, की यीस्टच्या स्वस्त अर्काने हा रक्तक्षय बरा होतो. त्या अर्कातला अज्ञात घटक १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. १९४५ मध्ये तो अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत बनवता आला. त्या चमूचं नेतृत्व आंध्रातून गेलेल्या एका शास्त्रज्ञाकडे होतं. रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना हे व्हिटॅमिन दिल्यावर आजार उलट भडकतो, असं काही डॉक्टरांना वाटलं. मग फॉलिक ॲसिडसारखं दिसणारं, पण त्याची वाट अडवणारं रसायन तयार करून घेतलं गेलं. १९४८ मध्ये अशा रसायनाने, म्हणजे अमिनोप्टेरिनने, त्या मुलांना तात्पुरता का होईना आराम पडला. १९५१ मध्ये तेच औषध मोजक्या संधिवाताच्या रुग्णांना दिलं गेलं आणि सांध्यांची सूज उतरली. पण सगळीकडे कॉर्टिझोनचा डंका वाजत होता. अमिनोप्टेरिनचं भावंड असलेलं मेथोट्रेक्सेट संधिवातात रुळायला १९८० चं दशक उजाडलं. अमेरिकेत त्याला या आजारासाठी अधिकृत मान्यता मिळाली ती १९८८ मध्ये.

खरा वाद इथून सुरू झाला. जे औषध एका व्हिटॅमिनची वाट अडवतं, त्याच्याबरोबर तेच व्हिटॅमिन द्यायचं का? तोंड येणं, मळमळ, केस गळणं, यकृताच्या तपासणीचे आकडे चढणं, पांढऱ्या पेशी घटणं, हे मेथोट्रेक्सेटचे दुष्परिणाम. त्यातले बरेचसे फॉलिकच्या कमतरतेसारखेच. तेव्हा व्हिटॅमिन दिलं तर त्रास कमी होईल, हे सरळ होतं. पण औषधाचा गुणही त्याच्याबरोबर गेला तर? ही भीती पोकळ नव्हती. कर्करोगात मेथोट्रेक्सेटच्या प्रचंड डोसानंतर रुग्णाला वाचवण्यासाठी फोलिनिक ॲसिड (फॉलिक ॲसिडचंच शरीराला थेट वापरता येणारं रूप) देतात, म्हणजे ते उताऱ्याचंच काम करतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी संधिवाताच्या थोड्या रुग्णांना फोलिनिक ॲसिड भरपूर देऊन पाहिलं गेलं, तेव्हा सांधे पुन्हा सुजले.

१९९० आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी ही भीती बरीच कमी केली. दुसऱ्या चाचणीत आठवड्याला ५ मिलिग्रॅम आणि साडेसत्तावीस मिलिग्रॅम असे फॉलिक ॲसिडचे दोन डोस तपासले गेले. दोन्हींनी त्रास कमी झाला, गुण कमी झाला नाही. मग २००१ मध्ये नेदरलँड्समधली ४३४ रुग्णांची, ४८ आठवड्यांची चाचणी आली. दुष्परिणामांमुळे मेथोट्रेक्सेट सोडावं लागलेल्यांचं प्रमाण नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ३८ टक्के, फॉलिक घेणाऱ्यांत १७ आणि फोलिनिक घेणाऱ्यांत १२ टक्के निघालं. हा फरक मुख्यतः यकृताच्या आकड्यांतला होता. तोंड आणि पोट यांच्या तक्रारींत या चाचणीत फारसा फरक पडला नाही. २०१३ च्या एकत्रित आढाव्यात मात्र मळमळ आणि पोटाचे त्रासही कमी दिसले. विरोधी बाजू २००५ च्या एका फेरतपासणीकडे बोट दाखवते. तिच्यात फॉलिक घेणाऱ्यांना वर्षाअखेर गुण थोडा कमी आला होता. पण तिथे फॉलिक कुणाला मिळणार हे सोडत काढून ठरलेलं नव्हतं, त्यामुळे त्या आकड्यावर फार भार टाकता येत नाही. उलट २००१ च्या चाचणीत फॉलिक घेणाऱ्यांना मेथोट्रेक्सेट थोडं जास्त लागलं, एवढं मान्य करायला हवं. तेवढा डोस वाढवणं हे औषध सोडून देण्यापेक्षा केव्हाही बरं.

दोन्ही गोष्टी एकत्र कशा साधतात याचं बऱ्यापैकी मान्य झालेलं उत्तर असं : आठवड्याच्या छोट्या डोसात मेथोट्रेक्सेट सूज उतरवतं ते पेशींची वाढ रोखून कमी आणि ॲडेनोसिन नावाचं सूजविरोधी द्रव्य वाढवून जास्त. फॉलिकची तूट भरून काढली तरी हे दुसरं काम बरंचसं चालू राहतं.

यातूनच वाराचा घोळ निघतो. मेथोट्रेक्सेटच्या दिवशी फॉलिक घ्यायचं नाही, हा नियम आपल्याकडे जवळजवळ वज्रलेप आहे. अमेरिकेत मात्र १ मिलिग्रॅम रोज, अगदी मेथोट्रेक्सेटच्या दिवशीही, घेणारे रुग्ण भरपूर आहेत आणि त्यांचं काही बिघडलेलं दिसत नाही. म्हणजे नियमामागे पुरावा कमी, खबरदारी जास्त. आपल्याकडे सर्रास मिळते ती गोळी ५ मिलिग्रॅमची. त्यामुळे कुणी आठवड्याला दोन लिहितं, कुणी सहा. उत्तर भारतात झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्याला १० आणि ३० मिलिग्रॅम यांची तुलना झाली. मेथोट्रेक्सेट २५ मिलिग्रॅमपर्यंत चढवत नेलं तरी दोन गटांत ना त्रासाचा फरक पडला, ना गुणाचा. तरीही सहा गोळ्यांची चिठ्ठी मागे पडलेली नाही.

माझ्या मते वेगळ्या वाराचा खरा उपयोग शरीरापेक्षा डोक्याला आहे. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं गेलं तर तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी कोसळतात आणि जीवही जाऊ शकतो. दोन्ही गोळ्या बारीक, अनेकदा दोन्ही पिवळ्या. गावाकडून येणाऱ्या रुग्णाला तारखेपेक्षा वार पक्का लक्षात राहतो : रविवार जोतिबाचा, शुक्रवार अंबाबाईचा. मेथोट्रेक्सेट रविवारी असं ठरलं की ते सहसा चुकत नाही. शुक्रवारी ठेवलं तर उपवासामुळे टाळलं जाण्याची शक्यता असते, म्हणून जाणते डॉक्टर आधी उपवासाचा वार विचारून घेतात. दुकानदाराने पाकिटावर पेनने वार लिहून “मावशी, ही आठवड्याला एकच, ही बुधवारी आणि शुक्रवारी” एवढं सांगितलं, तरी अर्धा धोका टळतो.

हाच गोंधळ डीच्या पुडीचाही आहे. साठ हजार युनिट आठवड्याला म्हणजे रोजचे साधारण साडेआठ हजार. तीच पुडी रोज घेतली तर आपण १९३५ च्या त्या टोकाच्या डोसाकडे निघालो. व्हिटॅमिन डीला अलीकडे पुन्हा भाव आला तो २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीमुळे. पन्नाशी ओलांडलेल्या २५,८७१ निरोगी माणसांना रोज २,००० युनिट डी किंवा खोटी गोळी दिली. सरासरी पाच वर्षांत स्वयंप्रतिकारक आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्या शरीरावर उलटणारे; हा संधिवात त्यातलाच एक) डी घेणाऱ्यांत १२३ जणांना झाले, दुसऱ्या गटात १५५ जणांना, म्हणजे २२ टक्के कमी. जाहिरातींत हा आकडा संधिवाताच्या उपचाराचा म्हणून फिरतो. तो उपचाराचा नाहीच. आजार व्हायच्या आधीच्या माणसांचा आहे, आणि सगळे आजार एकत्र मोजलेला.

ज्याची डी पातळी कमी आहे, किंवा जो स्टेरॉइडवर आहे, त्याला हाडांसाठी डी आणि कॅल्शियम द्यायलाच हवं, याबद्दल वाद नाही. नाव नसलेल्या पुड्यांतून वर्षानुवर्षं नकळत स्टेरॉइड पोटात गेलेले रुग्ण आपल्या भागात भेटतात, त्यांना तर नक्कीच. ‘कोल्हापुरात धारोष्ण दूध पिणाऱ्याला डी कसं कमी पडेल?’ असं कट्ट्यावर विचारलं जातं. म्हशीच्या दुधात कॅल्शियम भरपूर असतं, पण वरून घातलेलं नसेल तर डी नगण्य.

व्हिटॅमिन ईला फार जागा द्यायला नको. सुमारे ३९ हजार अमेरिकी स्त्रियांवर दहा वर्षं चाललेल्या चाचणीत एक दिवसाआड ६०० युनिट ई घेऊनही हा संधिवात टळला नाही. बी-६ ची पातळी या रुग्णांत कमी सापडते. ती भरून काढल्याने आजाराचा जोर ओसरल्याचा भक्कम पुरावा नाही.

बी-१२ चं प्रकरण वेगळं, कारण ते थेट फॉलिकशी जोडलेलं आहे. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक देत राहिलं, तर रक्त सुधारतं आणि नसांची झीज मात्र आतून चालूच राहते. माळकरी घरांत मटण-अंडी वर्ज्य असल्याने ही कमतरता तिथे जास्त आढळते, आणि पायाला येणाऱ्या मुंग्या ‘वातामुळेच’ म्हणून खपून जातात. त्यामुळे मेथोट्रेक्सेटसोबत फॉलिक सुरू करताना काही डॉक्टर बी-१२ ची तपासणीही लिहितात. ती पुण्या-मुंबईला नमुना न पाठवता आता कोल्हापुरातच होते.