सोन्याखालचा खडू

अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या दिवाणखान्यात दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर उंच आरसा असे आणि त्याच्याखाली सोनेरी कोन्सोल टेबल. टेबल भिंतीलाच जखडलेलं, म्हणून बरेचदा दोनच पाय, तेही खाली आत वळणारे. भिंतीकडची बाजू ओबडधोबड सोडलेली. वरचा संगमरवर 120 सेंटिमीटर लांब, 55 रुंद आणि 3 जाड धरला, तर एकट्या फरशीचं वजन 53 किलोच्या घरात जातं. मागून भिंतीचा आधार, खाली दोन्ही पायांना बांधणारी आडवी पट्टी, म्हणून तेवढ्या नाजूक पायांवर ते निभतं. (‘ब्रेश दालेप’ म्हणजे अलेप्पोचा दगड म्हणून मिरवणारा ठिपकेदार संगमरवर मात्र दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्सजवळच्या खाणीतला!)

पंधराव्या लुईच्या काळातली नक्षी ‘रोकाय’ वळणाची. फाटक्या कडांचे शिंपले, सी आणि एस या रोमन अक्षरांसारखी वळणं, अकँथस या झुडपाची कातरलेली पानं आणि मोकळ्या जागेत बारीक जाळी. मधला शिंपला मुद्दाम एका अंगाला कललेला, पण एकूण टेबलाचा तोल सुटत नाही. निकोला पिनो हा शिल्पकार 1716 साली रशियाला गेला, पीटर द ग्रेटसाठी काम करून परतला आणि पॅरिसमध्ये ही तिरकस नक्षी रुळवणाऱ्यांपैकी एक ठरला. ही सगळी उठाठेव मेणबत्तीच्या उजेडासाठी होती. घोटलेला उंचवटा ज्योतीचं प्रतिबिंब आरशासारखं परतवतो, न घोटलेला खोलगट भाग उजेड चहूकडे पसरवतो. हे दोन पोत शेजारी आले की कोरीवकाम जिवंत वाटतं. विजेच्या सपाट उजेडात तेच टेबल भडक दिसतं.

चकाकीचं श्रेय मात्र लाकडाला देता येत नाही. ओक घ्या की अक्रोड, त्याच्या रेषा आणि छिद्रं सोन्याच्या वर्खातून जशीच्या तशी दिसतील. म्हणून आधी कातड्याच्या सरसाचा गरम हात आणि त्यावर सरसात कालवलेल्या खडूचे 8 ते 12 थर. लिटरभर पाण्याला साधारण 70 ते 100 ग्रॅम सरस लागतो. तो उकळायचा नाही; 60 अंशांच्या वर गेला की त्यातल्या जिलेटिनच्या रेणूंच्या साखळ्या तुटू लागतात आणि चिकटपणा जातो. खालच्या थरापेक्षा वरच्या थरात सरस जास्त झाला, तर सुकताना वरचा थर आकसतो आणि खालच्याला पापुद्र्यासारखा उचलतो. दुरुस्तीत सर्वांत जास्त नडते ती हीच चूक.

इतक्या थरांनी नक्षी बुजते, पानांच्या शिरा दिसेनाशा होतात. मग आकडीसारख्या लोखंडी हत्यारांनी ती खडूत पुन्हा कोरतात. म्हणजे नक्षी दोनदा कोरली जाते, आणि डोळ्यांना दिसते ती दुसरी. जाळीतल्या केसाएवढ्या रेषा लाकडात काढणंच कठीण. मऊ, एकजीव खडूत त्या सहज उतरतात.

त्यावर पिवळा हात, कारण खोल खाचांत वर्ख पोचत नाही आणि पांढरं डोकावतं. घोटायच्या उंचवट्यांवर बोल नावाची तांबडी, लोहयुक्त चिकणमाती. तिचे चपटे कण दाबाखाली आडवे बसतात, म्हणून ती गुळगुळीत होते. माती पाण्याने ओलावली की वर्ख आपसूक ओढला जातो. आजचा 8 सेंटिमीटरचा चौकोनी वर्ख मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाइतका जाड. एका पानात जेमतेम 12 मिलिग्रॅम सोनं. काही तासांनी अकीकाच्या दगडाने घोटायचं. लवकर घोटलं तर वर्ख फाटतो, उशीर झाला तर चमक येत नाही. कारागीर दगडाने हलकेच टिचकी मारून पाहतात: आवाज बद्द असला तर अजून थांबायचं, टणक आला की कामाला लागायचं.

सरस पाण्यात विरघळतो, म्हणून ओल्या फडक्याने एकदा पुसलं तरी वर्ख आणि तांबडी माती फडक्यावर येते. धूळ फक्त मऊ कुंचल्याने झटकावी. दुसरा शत्रू कोरडी हवा. हिवाळ्यात खोली तापवली की लाकूड शिरांना आडवं आकसतं, खडू मात्र आकसत नाही; तो शिरांच्या दिशेने फुगवटे धरून सुटतो. आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवली तर हे टळतं. सुटलेल्या पापुद्र्याखाली आधी थोडं अल्कोहोल सोडतात, म्हणजे त्यानंतर सोडलेला पातळ सरस भेगेत खोल शिरतो.

वर्ख उडाल्या जागी सोनेरी रंग फासणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक उपाय. त्यात पितळेची भुकटी असते. तिच्यातलं तांबं काही वर्षांत तपकिरी-हिरवट पडतं. शेजारचं खरं सोनं मात्र तसंच राहतं, त्यामुळे डाग उठून दिसतो.

एकोणिसाव्या शतकात अनेक टेबलांवर जुना थर न काढताच नवा खडू आणि नवा वर्ख चढवला गेला. पानाच्या शिरा बोथट, जाळी भरलेली, शिंपल्याच्या कडा गोल दिसल्या की तसा संशय घ्यावा. कडेला टवका उडाला असेल तर भिंगातून पाहावं: पांढरा, तांबडा, सोनेरी, पुन्हा पांढरा, तांबडा, सोनेरी अशी उतरंड दिसते. जीर्णोद्धार करणारे वरचा थर शस्त्रक्रियेच्या सुरीने, तासाला काही चौरस सेंटिमीटर या गतीने, उचलत जातात. नशीब असेल तर खाली 1740 च्या सुमाराच्या रेषा धारदार सापडतात.