क्लाउड होस्टिंग की सर्व्हरलेस : नवी मुंबईच्या संदर्भात निवड

संकेतस्थळ किंवा ॲप चालवण्यासाठी लागणारी संगणनशक्ती भाड्याने घेण्याचे हे दोन मार्ग आहेत. क्लाउड होस्टिंगमध्ये आभासी यंत्र, म्हणजे प्रदात्याच्या मोठ्या संगणकाचा आपल्यासाठी राखलेला भाग घेतात. ते चालू आहे तोवर भाडे चालू, मग कुणी वापरो वा न वापरो. सर्व्हरलेसमध्ये फक्त कोड सोपवायचा, ‘फंक्शन’ नावाच्या छोट्या तुकड्यांत. विनंती आली, म्हणजे कुणी पान उघडले किंवा ॲपने माहिती मागितली वा पाठवली, की प्रदाता तो चालवतो आणि मुख्यतः विनंत्यांची संख्या व कोड चाललेला वेळ यांवर आकारणी करतो. ॲमेझॉनची ईसी२ ही पहिल्या प्रकारची सेवा २००६ साली आली, दुसऱ्या प्रकारची लॅम्डा २०१४ च्या नोव्हेंबरात जाहीर झाली. मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांच्याही अशा सेवा आहेत.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा ऐरोली, रबाळे, महापे हा मूळचा कारखान्यांचा पट्टा. आज तिथे डेटा सेंटरच्या मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. ॲमेझॉनचे मुंबई रीजन, म्हणजे या भागातला तिच्या डेटा सेंटरांचा समूह, जून २०१६ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून वागळे इस्टेट वा महाप्यातल्या छोट्या कंपनीलाही दोन्ही पर्याय दाराशीच मिळतात.

निवड करताना पाहायचे ते वापराचे वेळापत्रक. वाशीच्या एपीएमसीतल्या हापूसचे भाव दाखवणारे ॲप घेऊ. मार्च ते मेदरम्यान पहाटेपासून त्यावर झुंबड, दुपारनंतर शुकशुकाट आणि पावसाळ्यात जवळपास काहीच नाही. समजा, हंगामात महिन्याला २० लाख विनंत्या आल्या, प्रत्येक विनंतीला ५१२ एमबी मेमरी आणि ०.२ सेकंद लागले, तर हिशेब २ लाख जीबी-सेकंदांचा (मेमरी गुणिले वेळ) होतो. लॅम्डाच्या मासिक मोफत मर्यादेत ४ लाख जीबी-सेकंद आणि १० लाख विनंत्या बसतात. उरलेल्या १० लाख विनंत्यांचे शुल्क सुमारे २० सेंट. एपीआय गेटवे (विनंत्या फंक्शनपर्यंत पोहोचवणारी सेवा), डेटाबेस आणि लॉग (कामकाजाच्या नोंदी) यांचे पैसे मात्र वेगळे, आणि बिल फुगते ते बहुधा तिथेच.

आता उरणकडचे न्हावा शेवा बंदर. कंटेनर वाहणारे ५०० ट्रेलर दर १० सेकंदांनी आपले ठिकाण कळवत असतील, तर रोज ४३ लाखांहून अधिक, महिन्याला सुमारे १३ कोटी विनंत्या होतात. पण सेकंदाला पाहिले तर त्या फक्त ५०. एवढे काम साधे आभासी यंत्र रात्रंदिवस सहज पेलते. इथे प्रत्येक विनंतीमागे पैसे मोजणे निव्वळ उधळपट्टी आहे. ॲमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओ विभागाने २०२३ मध्ये चित्र-ध्वनीच्या दर्जावर देखरेख करणारी आपली एक प्रणाली सर्व्हरलेस घटकांवरून एकसंध रचनेत (सगळे भाग एकाच प्रोग्रॅममध्ये) हलवली आणि तिचा खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे सांगितले.

खर्चापलीकडच्याही मर्यादा आहेत. लॅम्डाचे सामान्य फंक्शन एका वेळी जास्तीत जास्त १५ मिनिटे चालते. बराच वेळ पडून असलेल्या फंक्शनला पहिली विनंती आली की वातावरण नव्याने उभे राहते आणि उत्तर उशिरा येते. याला कोल्ड स्टार्ट म्हणतात. सर्वांत जास्त त्रास डेटाबेसचा. ठाण्यातल्या एखाद्या क्लासने सराव परीक्षेचा निकाल लावला आणि शेकडो पालकांनी एकाच मिनिटात पान उघडले, तर एकाच वेळी चालणारी फंक्शने डेटाबेसशी आपापली जोडणी उघडू पाहतात. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मूळ मांडणीत १०० जोडण्यांचीच सोय असते. ती संपली की ‘टू मेनी क्लायंट्स’ असा संदेश येतो. कोड ठणठणीत असतो, पालकांना मात्र निकाल दिसत नाही. म्हणून मध्ये पीजीबाउन्सरसारखा जोडण्या वाटून देणारा थर बसवावा लागतो.

दुसऱ्या पारड्यात देखभाल येते. आभासी यंत्र घेतले की ऑपरेटिंग सिस्टिमचे पॅच (दुरुस्त्या), भरलेली डिस्क आणि रात्री दोनचा अलर्ट हे सारे आपल्याच गळ्यात. दोन-तीन जणांच्या कंपनीत हे काम कोण करणार, हा प्रश्न बिलाइतकाच खरा आहे आणि अंदाजपत्रकात तो हमखास राहून जातो.

प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकत्र नांदतात : मुख्य ॲप व डेटाबेस कायम चालू यंत्रावर आणि फोटो लहान करणे, पावतीची पीडीएफ बनवणे, एसएमएस पाठवणे अशी मधूनच येणारी कामे फंक्शनवर.