डिस्चार्ज कार्डानंतरचे तीस दिवस

एटापल्लीकडच्या एखाद्या गावातली बाई सिझर होऊन आठवड्याभरात घरी जाते. केसपेपरवर शेरा पडतो, ‘प्रकृती ठीक, घरी सोडले’. दहाव्या दिवशी टाक्यांत पू होतो. पुन्हा गडचिरोली गाठायची तर एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि सोबतीला घरचं माणूस, त्यात रोवणीचे दिवस. ती जवळच्याच डॉक्टरकडून इंजेक्शन घेते. रुग्णालयाच्या नोंदीत मात्र ती ठणठणीत आहे.

म्हणूनच शस्त्रक्रियेच्या जखमेतला संसर्ग मोजताना साधारणपणे 30 दिवसांची मुदत धरतात; बरेचसे संसर्ग घरी गेल्यावरच उघड होतात. नुसत्या डिस्चार्जच्या शेऱ्यावर विसंबलं, तर रुग्णाला लवकरात लवकर घरी धाडणारा दवाखानाच सगळ्यांत चांगला दिसेल. बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी शंभर वर्षांपूर्वी हे ओळखलं होतं. प्रत्येक ऑपरेशनचं ते कार्ड ठेवत आणि वर्षभरानंतर रुग्णाचं काय झालं ते पाहत. 337 रुग्णांच्या उपचारांत सापडलेल्या 123 चुका त्यांनी स्वतः छापून जाहीर केल्या.

बाळांच्या नोंदी तर अधिकच जपून वाचाव्या लागतात. नवजात कक्षातलं बाळ सुधारत नाही, पैसे संपलेले असतात, घरी दुसरी लेकरं असतात. मग आईबाप सही करून बाळाला घेऊन जातात. दवाखान्याच्या भाषेत हा ‘डामा’, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता घेतलेली सुट्टी. बाळ घरी दगावलं तरी रुग्णालयाच्या मृत्यूंत ते धरलं जात नाही. माझ्या मते नवजात कक्षाचा मृत्युदर सांगताना शेजारी डामाचा आकडाही सांगायलाच हवा.

दुसरा घोटाळा तुलनेचा. समजा, तालुक्याच्या रुग्णालयात 200 ऑपरेशनांमागे 2 मृत्यू झाले आणि जिल्ह्याला 8. म्हणजे जिल्ह्याचे डॉक्टर वाईट? फुटलेलं आतडं, अडलेली बाळंतीण, रक्त कमी असलेला सिकलसेलचा रुग्ण, हे सगळे तालुक्यातून ‘रेफर’ होऊन तिकडेच पोचतात, तेही उशिरा. त्यामुळे संशोधक वय, आजाराची तीव्रता, ऑपरेशन ठरलेलं होतं की तातडीचं, हे जुळवूनच तुलना करतात. बाळांत वजन पाहतात. दीड किलोच्या आतलं बाळ आणि तीन किलोचं बाळ एकाच रकान्यात घालून चालत नाही. केसपेपरवर वजनच लिहिलेलं नसेल, तर पुढचं गणित अडतं. रात्रपाळीची सिस्टर घाईतही तो आकडा लिहिते, तेव्हा ती संशोधनच करत असते.

आणि घरी गेल्यानंतरचं काय? याचं उत्तर गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, जन्म-मृत्यू गावातच मोजले आणि नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये मांडलं. आज दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताईने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जायचं असतं. बाळाबरोबर आईलाही ती पाहते. टाक्यांतला पू तिला दिसतो, डामा घेऊन आणलेलं बाळ जगलं की नाही हेही तिला ठाऊक असतं. तिच्या वहीत केसपेपरचा नोंदणी क्रमांक लिहिला गेला, तर एटापल्लीच्या त्या बाईचा दहावा दिवस रुग्णालयालाही कळेल.