एमएक्सईमध्ये नवे लायब्ररी पॅकेज जोडणे

एमएक्सई हा मुक्तस्रोत प्रकल्प लिनक्स, मॅकओएस किंवा अन्य युनिक्स धर्तीच्या संगणकावर बसून विंडोजसाठी प्रोग्रॅम तयार करण्याची सोय करतो. २००७ मध्ये तो ‘मिंगडब्ल्यू-क्रॉस-एन्व्ह’ या नावाने सुरू झाला. ग्नू मेक या बांधणी-साधनाच्या नियमांवर उभी असलेली ही यंत्रणा आधी जीसीसी हा कम्पायलर, बिनयुटिल्स ही त्याची जोडसाधने आणि मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ या विंडोजसाठीच्या आधारफाइली घेऊन स्वतःचा क्रॉस-कम्पायलर, म्हणजे एका यंत्रावर चालून दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठी प्रोग्रॅम बनवणारा कम्पायलर, बांधते. मग त्याच कम्पायलरने झेडलिब, लिबपीएनजी, एसडीएल, क्यूटी अशा शेकडो लायब्रऱ्या, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारे तयार कोडचे संच, विंडोजसाठी बांधून देते. एखादी लायब्ररी यादीत नसेल, तर ज्याला ती हवी आहे त्यानेच तिच्या बांधणीची कृती लिहून प्रकल्पाकडे पाठवावी, अशी इथली रीत आहे. यादी मोठी झाली ती याच मार्गाने.

पाठवायची फाइल बहुतेक वेळा लहानच असते. कष्ट पडतात ते लायब्ररीच्या मूळ कर्त्यांनी नकळत धरलेली गृहीतके हुडकून काढताना. ज्या यंत्रावर बांधणी चालली आहे त्याच यंत्रावर लायब्ररी धावणार, असे बहुतेकांनी मनात धरलेले असते. क्रॉस-कम्पायलिंगमध्ये हे गृहीतक कोसळते, आणि ते कुठे कुठे दडले आहे याचा माग प्रत्येक लायब्ररीत नव्याने काढावा लागतो. म्हणून चांगले पॅकेज म्हणजे त्या लायब्ररीचा एक बारकाईचा अभ्यासच असतो, मग फाइल कितीही आखूड असो.

फाइलमध्ये काय असते

प्रत्येक लायब्ररीसाठी मेकफाइलचा (मेकला द्यायच्या सूचनांच्या फाइलचा) एक स्वतंत्र तुकडा असतो आणि लायब्ररीचे नाव हेच त्या फाइलचे नाव. त्यात लायब्ररीचे संकेतस्थळ, एका ओळीचे वर्णन, आवृत्ती, टारबॉलचे (सोर्सच्या आवळलेल्या संग्रह-फाइलचे) नाव व पत्ता, तो उलगडल्यावर मिळणाऱ्या फोल्डरचे नाव, एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) आणि आधी कोणकोणत्या लायब्रऱ्या बांधलेल्या हव्यात याची यादी येते. त्यानंतर दोन नियम असतात: नवी आवृत्ती आली का हे शोधण्याचा आणि प्रत्यक्ष बांधणीचा. कोरा साचा तयार करून देणारी एक स्क्रिप्ट प्रकल्पात आहे. तरी नवख्याने त्या साच्याबरोबर आपल्यासारखीच बांधणी-व्यवस्था असलेल्या दोन-तीन जुन्या लायब्रऱ्यांच्या फाइली वाचाव्यात. प्रकल्पाचे अलिखित संकेत त्यांतच सापडतात.

नवी आवृत्ती शोधण्याचा नियम पुष्कळ जण घाईत रिकामा सोडतात. ही चूक महागात पडते. हा नियम मूळ संकेतस्थळाचे पान उतरवून त्यातून सर्वांत वरचा आवृत्ती-क्रमांक वेचतो. तो धड असेल तर प्रकल्पातला कोणीही एका आदेशात पॅकेज ताजे करू शकतो. नसेल तर पॅकेज आहे त्या आवृत्तीवर थिजते, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या मूळ प्रकल्पात होऊनही इथे पोहोचत नाहीत.

चेकसमचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. उतरवलेला टारबॉल पॅकेज लिहिणाऱ्याने पाहिला होता तोच आहे, एवढीच ग्वाही तो देतो. टारबॉल निर्मळ आहे अशी ग्वाही तो देत नाही. २९ मार्च २०२४ रोजी एक्सझेड युटिल्स या फाइली आवळणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत पेरलेले चोरदार उघडकीस आले. त्याला चालना देणारा तुकडा अधिकृत टारबॉलमध्ये होता, प्रकल्पाच्या गिट भांडारात, म्हणजे सोर्स आणि त्याचा इतिहास जपणाऱ्या संग्रहात, मात्र नव्हता. अशा टारबॉलचा चेकसम कितीही काटेकोर जुळला तरी उपयोग शून्य. उलट बाजूचा अनुभव जानेवारी २०२३ चा आहे. अशी भांडारे ठेवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाने आपोआप तयार होणाऱ्या संग्रह-फाइली आवळण्याची पद्धत बदलली, आतला मजकूर तोच राहूनही चेकसम बदलले आणि जगभरच्या बांधण्या अडल्या. गिटहबला तो बदल लगोलग मागे घ्यावा लागला. म्हणून मूळ प्रकल्पाने स्वतः प्रसिद्ध केलेला टारबॉल निवडावा की भांडारावरून आपोआप बनलेला, हा निर्णय सवयीने घेऊ नये.

बांधणीच्या पायऱ्या

ऑटोटूल्स ही बांधणी-व्यवस्था वापरणाऱ्या लायब्ररीच्या कॉन्फिगर स्क्रिप्टला दोन यंत्रे सांगावी लागतात: बांधणी कुठे चालली आहे आणि तयार लायब्ररी कुठे धावणार आहे. ऑटोटूल्स या दुसऱ्या यंत्राला ‘होस्ट’ म्हणते आणि एमएक्सई त्यालाच ‘टार्गेट’ म्हणते, एवढे ध्यानात ठेवले की पुष्कळ गोंधळ टळतो. सीमेक ही दुसरी बांधणी-व्यवस्था वापरणाऱ्या लायब्ररीसाठी प्रकल्पाने सीमेकभोवती स्वतःचे वेष्टण दिले आहे, ते वापरले की कम्पायलर व शोध-मार्ग आपसूक बरोबर लागतात. सगळ्यात जिकिरीच्या त्या हाताने लिहिलेल्या मेकफाइली. त्यांत कम्पायलरचे नाव थेट कोरलेले असते, आणि ते बदलले तरी एआर किंवा रॅनलिब हे लायब्ररी-फाइल बनवणारे साधन विसरून राहते.

पहिला मोठा अडथळा येतो तो चाचणी-प्रोग्रॅमचा. कॉन्फिगर स्क्रिप्ट पुष्कळदा एक छोटा प्रोग्रॅम बांधून, चालवून, त्याच्या उत्तरावरून निर्णय घेते. इथे तयार झालेली फाइल विंडोजची असल्याने ती लिनक्सवर चालत नाही. मग स्क्रिप्ट सर्वांत वाईट शक्यता धरून चालते. याचे जुने आणि प्रसिद्ध उदाहरण मॅलॉक या स्मृती मागणाऱ्या फंक्शनचे आहे. शून्य बाइट मागितल्यावर मॅलॉक काय देतो हे तपासता न आल्याने स्क्रिप्ट ‘आरपीएल_मॅलॉक’ नावाचे पर्यायी फंक्शन वापरायला सांगते. लायब्ररीत ते लिहिलेलेच नसते आणि लिंकिंग, म्हणजे कम्पाइल झालेले तुकडे जोडण्याचे काम, शेवटच्या टप्प्यावर मोडते. उपाय एका ओळीचा: त्या तपासणीचे उत्तर कॉन्फिगरला आधीच सांगून टाकणे. पण तो सुचायला चुकीच्या संदेशामागचे कारण कळावे लागते. याहून फसवी गोष्ट म्हणजे पॅकेज लिहिणाऱ्याच्या संगणकावर वाइन बसवलेले असणे. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारी ही व्यवस्था काही ठिकाणी अशा फाइली परस्पर चालवून देते. बांधणी आपल्याकडे सुरळीत होते आणि इतरांकडे मोडते.

काही लायब्रऱ्या बांधणीच्या मधोमध स्वतःचाच एखादा मदतनीस प्रोग्रॅम तयार करतात आणि त्याच्याकडून तक्ते किंवा सोर्स फाइली लिहवून घेतात. असा मदतनीस विंडोजसाठी नव्हे, तर बांधणी करणाऱ्या यंत्रासाठीच कम्पाइल व्हायला हवा. युनिकोडची आयसीयू ही लायब्ररी याचा नमुना आहे. ती आधी एकदा स्थानिक यंत्रासाठी पूर्ण बांधावी लागते, आणि मग त्या बांधणीकडे बोट दाखवून विंडोजसाठी दुसऱ्यांदा.

‘सापडले तर वापर’ या वृत्तीच्या लायब्रऱ्या मेंटेनर (पॅकेजे सांभाळणाऱ्या) मंडळींना सर्वाधिक त्रास देतात. वापरकर्त्याने आधी योगायोगाने एखादी दुसरी लायब्ररी बांधलेली असेल, तर ही लायब्ररी तिला चिकटते, नसेल तर नाही. एकाच कृतीतून दोन संगणकांवर दोन वेगळ्या वस्तू निघतात. म्हणून प्रत्येक ऐच्छिक सोय स्पष्ट शब्दांत चालू किंवा बंद करावी. दस्तऐवज, उदाहरणे आणि मूळ चाचण्या शक्य तिथे बंदच ठेवाव्यात. बांधणी अनेक कामे समांतर चालवून झाली पाहिजे आणि ती चालू असताना इंटरनेटवरून काहीही उतरवले जाता कामा नये. शेलचे आदेशही जपून लिहावे लागतात. लिनक्सवरचा सेड (मजकूर बदलणारा आदेश) आणि मॅकओएसवरचा सेड यांचे पर्याय सारखे नाहीत, म्हणून असे आदेश प्रकल्पाने दिलेल्या व्हेरिएबलमधूनच बोलवायचे असतात.

विंडोजचे स्वतःचे वेगळेपण आहे ते निराळेच. सोर्समध्ये ‘विंडोज’ या हेडर फाइलचे (फंक्शनांची घोषणा करणाऱ्या फाइलचे) पहिले अक्षर कॅपिटल असले तरी विंडोजवर खपते. लिनक्सवर मात्र ती फाइल सापडत नाही, कारण मिंगडब्ल्यूमध्ये तिचे नाव लहान अक्षरांत आहे. फोर्क किंवा एममॅप यांसारखी युनिक्सची फंक्शने तिथे नाहीत. ६४-बिट विंडोजवर ‘लाँग’ हा पूर्णांक-प्रकार ३२ बिटांचाच राहतो आणि पॉइंटर, म्हणजे स्मृतीतला पत्ता, ६४ बिटांचा होतो. पॉइंटर लाँगमध्ये साठवणारी लायब्ररी लिनक्सवर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते आणि इथे अर्धा पत्ता हरवून बसते. कम्पायलर याबद्दल बऱ्याचदा फक्त इशारा देतो, तेव्हा इशारे वाचायची सवय हवी.

स्टॅटिक आणि शेअर्ड

एमएक्सईचे मुख्य टार्गेट चार: ३२ आणि ६४ बिट, आणि त्या प्रत्येकात स्टॅटिक (लायब्ररी प्रोग्रॅमच्या फाइलीतच मुरवलेली) व शेअर्ड (लायब्ररी वेगळ्या डीएलएल फाइलीत). एकही डीएलएल सोबत न नेता चालणारी एकच फाइल हाती यावी, हे अनेकांना एमएक्सईकडे ओढणारे कारण आहे. त्यामुळे पॅकेजची कसोटी मुख्यतः स्टॅटिक बांधणीत लागते.

विंडोजसाठी लिहिलेल्या हेडरमध्ये ‘हे फंक्शन डीएलएलमधून येणार’ असे सांगणारी खूण असते. स्टॅटिक बांधणीत ती तशीच राहिली, तर लिंकर भलत्याच नावाची फंक्शने शोधू लागतो. ती उतरवण्यासाठी लिबकर्लसारख्या लायब्रऱ्या एक खास मॅक्रो (कम्पाइल करताना द्यायचे नाव) देतात. वापरकर्त्याला हा मॅक्रो ठाऊक असण्याची गरज पडू नये. तो लायब्ररीच्या पीकेजी-कॉन्फिग फाइलमध्येच, म्हणजे कम्पाइल व लिंक करताना लागणारे पर्याय सांगणाऱ्या फाइलमध्येच, लिहिलेला असावा. सॉकेट (नेटवर्क-जोडणी) वापरणाऱ्या लायब्ररीला विंडोजची ‘डब्ल्यूएस२_३२’ लागते, तीही त्याच फाइलच्या खासगी यादीत यायला हवी. स्टॅटिक लिंकिंगमध्ये क्रम महत्त्वाचा असतो, आणि तो बरोबर राखण्याचे काम माणसावर न टाकता पीकेजी-कॉन्फिगवर टाकणे हेच शहाणपणाचे. मूळ लायब्ररीत अशी फाइल नसेल तर पॅकेजने ती स्वतः लिहून बसवावी.

परवान्याचा प्रश्नही इथेच येतो. एलजीपीएल या मुक्तस्रोत परवान्याची लायब्ररी बंदिस्त (सोर्स खुला नसलेल्या) प्रोग्रॅममध्ये स्टॅटिक जोडली, तर वापरकर्त्याला ती बदलून पुन्हा लिंक करता येईल अशी सोय प्रोग्रॅमच्या वितरकाने करून द्यावी लागते. पॅकेज लिहिणाऱ्यावर ही जबाबदारी येत नाही, पण वितरकावर येते, आणि त्याला हे बहुधा उशिरा कळते.

एकमेकांवर अवलंबून असलेल्या लायब्रऱ्या

अवलंबनाची यादी सरळ झाडासारखी असावी ही अपेक्षा दर वेळी पुरी होत नाही. फ्रीटाइप आणि हार्फबझ यांची जोडी पाहावी. फ्रीटाइप फॉन्टमधल्या आकारांची चित्रे काढते. कोणता आकार कुठे आणि कोणत्या क्रमाने बसवायचा हे हार्फबझ ठरवते. देवनागरी अक्षरे पडद्यावर नीट दिसतात ती या दुसऱ्या कामामुळे: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणे, क् आणि ष यांचा क्ष करणे. मराठी मजकूर दाखवणारा एखादा विंडोज प्रोग्रॅम एमएक्सईने हार्फबझशिवाय बांधला आणि दुसरी कुठली शेपिंगची (अशा अक्षरजुळणीची) व्यवस्था दिली नाही, तर वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात.

अडचण अशी की हार्फबझला फ्रीटाइप लागते आणि फ्रीटाइपची स्वयंचलित हिंटिंगची (अक्षरांचे आकार पडद्याच्या ठिपक्यांना जुळवून घेण्याची) सोय हार्फबझ वापरते. मेकला असे वर्तुळ चालत नाही. एमएक्सईने तोडगा काढला तो ‘फ्रीटाइप-बूटस्ट्रॅप’ नावाच्या वेगळ्या पॅकेजचा. आधी हार्फबझविना फ्रीटाइप बांधायची, तिच्यावर हार्फबझ उभी करायची आणि मग पूर्ण फ्रीटाइप पुन्हा बांधायची. असे वर्तुळ समोर आले की यादीतून एक नाव गाळून मोकळे होण्याचा मोह होतो. त्याने बांधणी पार पडते, पण हाती येणारी लायब्ररी अपुरी असते.

चाचणी

लायब्ररी कम्पाइल झाली म्हणजे पॅकेज झाले, असे एमएक्सईत मानत नाहीत. पॅकेजसोबत लायब्ररीतले एखादे फंक्शन बोलावणारा छोटा चाचणी-प्रोग्रॅम द्यायचा असतो. तो इशारे म्हणजेच चुका मानणाऱ्या कडक पर्यायांनी आणि पीकेजी-कॉन्फिगने सांगितलेल्या लायब्रऱ्यांनीच लिंक व्हावा लागतो. गहाळ मॅक्रो, विसरलेली अवलंबने, उलटा क्रम हे सगळे दोष इथे एका झटक्यात वर येतात. माझ्या मते नव्या पॅकेजमधला हा सर्वांत मोलाचा भाग आहे, कारण पुढच्या प्रत्येक आवृत्ती-बदलाच्या वेळी तोच पहारा देतो. तयार झालेली फाइल निदान वाइनमध्ये, आणि जमल्यास खऱ्या विंडोजवर चालवून पाहावी.

पॅच आणि मूळ प्रकल्प

लायब्ररीच्या सोर्समध्येच बदल करावा लागला तर तो पॅच म्हणून पॅकेजशेजारी ठेवतात. असा पॅच गिटच्या ठरावीक नमुन्यात असावा, म्हणजे तो कोणी, कशासाठी लिहिला हे सोबत राहते. प्रत्येक पॅच पुढच्या आवृत्तीला पुन्हा बसवावा लागतो आणि तो भार बहुधा दुसऱ्याच कोणावर पडतो. तेव्हा तोच बदल लायब्ररीच्या मूळ प्रकल्पाकडे पाठवणे हे पॅकेज जोडण्याइतकेच महत्त्वाचे योगदान आहे. तिथे तो स्वीकारला गेला की एमएक्सईतला पॅच काढून टाकता येतो, आणि विंडोजसाठी ती लायब्ररी बांधणाऱ्या इतर सगळ्यांचीही सोय होते.

फार थोड्यांना लागणारी किंवा खास बदल केलेली लायब्ररी मुख्य यादीत घालण्याचा आग्रह धरू नये. एमएक्सईत प्लगिन फोल्डरची सोय आहे. तिथे ठेवलेले पॅकेज मुख्य प्रकल्पात न शिरता तसेच वापरता येते.

अन्य प्रकल्पांतील पद्धती

एम्बेडेड लिनक्ससाठीच्या बिल्डरूटमध्ये प्रत्येक पॅकेजला मेन्यूतील नोंद, मेकफाइल आणि हॅशची फाइल अशा वेगवेगळ्या फाइली लागतात. हॅशच्या फाइलीत परवान्याच्या मजकुराचाही हॅश असतो, त्यामुळे नव्या आवृत्तीत परवाना बदलला तर तो नजरेतून सुटत नाही. तिथे एक स्क्रिप्ट तेच पॅकेज अनेक टूलचेनवर (कम्पायलर व त्याच्या साधनांच्या संचांवर) बांधून पाहते. जुलिया भाषेच्या यग्द्रासिल भांडारात शेलची एकच स्क्रिप्ट लिनक्स, मॅकओएस, विंडोज आणि फ्रीबीएसडी अशा सगळ्या टार्गेटांसाठी बंदिस्त सँडबॉक्समध्ये चालते. बांधलेल्या फाइलींची तपासणी यंत्रच करते, आणि त्यांतून जुलियाच्या वापरकर्त्यांसाठी तयार पॅकेज बाहेर पडते. एमएक्सईमध्ये वापरकर्ता सहसा सगळे स्वतःच्या यंत्रावर सोर्सपासून बांधतो. त्यामुळे पॅकेजमधील कसूर मेंटेनरच्या आधी त्याच्याच पडद्यावर उमटते, आणि ती दुरुस्त करून पाठवणाराही पुष्कळदा तोच असतो.